मैदानावरची शिवीगाळ हाताळताना पंचांनी या चुका टाळाव्यात

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरचा सामना असो की सिडकोतली टेनिस-बॉल स्पर्धा, नाशिकमधला नवा पंच धावबाद-पायचीतपेक्षा अधिक गोंधळतो तो पहिली शिवी कानावर पडल्यावर.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ती ऐकूच आली नाही असे दाखवणे. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लब) 2017 च्या नियमावलीतील 42 व्या नियमाने गैरवर्तनाच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पातळीचे गैरवर्तन प्रथमच घडल्यास ताकीद मिळते, मात्र ती एकट्या खेळाडूला नसून उरलेल्या सामन्यासाठी संपूर्ण संघाला लागू होते आणि त्यानंतर त्या संघातल्या कोणीही तसे वर्तन पुन्हा केल्यास प्रतिस्पर्ध्यांना दंडाच्या 5 धावा द्याव्या लागतात. म्हणजेच तिसऱ्या षटकात ताकीद टाळणारा पंच अठराव्या षटकात तेवढ्याच अपशब्दासाठी दंड करू शकत नाही.

याउलट सगळ्याच शिव्यांना एकाच तागडीत तोलणेही चूक आहे, कारण नियम परिस्थिती पाहायला सांगतो. त्रिफळा उडाल्यावर स्वतःवरच चरफडत परतणारा फलंदाज वेगळा, आणि अपील फेटाळल्यावर पंचाच्या डोळ्यांत पाहून तोच शब्द उच्चारणारा गोलंदाज वेगळा. पंचाला मारण्याची धमकी मात्र थेट चौथ्या पातळीत मोडते. तेथे खेळाडूला उरलेल्या सामन्यातून बाहेरच काढावे लागते, ‘जाऊ द्या हो भाऊ’ म्हणून भागत नाही. कारवाई करतानाही खेळाडूशी हुज्जत न घालता दोन्ही पंचांनी मिळून कर्णधाराला बोलवावे.

नेमणूक करणाऱ्याची अपेक्षा गृहीत धरणे ही आणखी एक चूक. टेनिस-बॉल स्पर्धांचे नियम बऱ्याचदा आयोजकच ठरवतात, त्यामुळे दंडाच्या धावा लागू आहेत का आणि अहवाल कोणाकडे द्यायचा, हे नाणेफेकीआधीच विचारून घ्यावे. ‘जरा सांभाळून घ्या, उजेड जाण्याआधी फायनल उरकायची आहे’ अशी विनंती झाली, तर तिचा अर्थ वेळ सांभाळणे एवढाच घ्यावा. नेमणूक करणाऱ्यांना कारवाईचा राग क्वचितच येतो. संतापलेल्या कर्णधाराचा फोन पंचाच्या फोनआधी आला, याचा मात्र हमखास येतो.

अहवालात ‘अर्वाच्य भाषा वापरली’ एवढेच लिहिणारे पंच पुष्कळ आहेत. संकोच समजण्यासारखा आहे, पण अहवालावर निर्णय देणाऱ्या समितीसमोर त्या वाक्याला काही वजन राहत नाही. कितीही ओंगळ असले तरी नेमके शब्द, षटक व चेंडू, ते कोणाला उद्देशून होते आणि सहकारी पंचाने काय ऐकले, हे सारे लिहावे. किती सामन्यांची बंदी घालावी, हे मात्र सुचवू नये. तो निर्णय समितीचा आहे.