कान ऐकतो कसा? कागदाच्या कड्यांनी दाखवा

नववीची पोरं कानातला शंख, म्हणजे आतल्या कानाची वळलेली नळी, झकास काढतात. आवाजाचं पुढं काय होतं विचारलं की सगळी गप्प. म्हणून मी कागदाच्या गोल कड्या करायला लावतो.

पेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानात पुठ्ठा मागा, मिळतो. ड्रॉइंग पेपरच्या ५०, ४०, ३० आणि २० सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, प्रत्येकीची टोकं जोडून कड्या करा आणि पुठ्ठ्यावर ओळीनं उभ्या चिकटवा. पुठ्ठा आडवा, हळू हलवा: मोठी कडी डुलते. वेग वाढवत न्या, लहान थरथरते. शंखातला सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा (बाहेरचा कानाचा पडदा नव्हे) आवाज असाच वेगळा करतो. तळाशी तो अरुंद, ताठ. तिथं हलगीचा कडकडाट. टोकाला रुंद, सैल. तिथं ढोलाचा घुमारा. हे शोधणाऱ्या बेकेशींना १९६१चं नोबेल मिळालं.

इथवर नुसती थरथर झाली, मेंदूकडं जाणारी वीज कुठंय? त्यासाठी गणपतीची उरलेली शाडू घ्या. केरसुणीची एक बुटकी, एक उंच काडी तीत रोवा. बुटकीचं टोक दोऱ्यानं उंच काडीला बांधा. आता दोन्ही उंच काडीच्या बाजूला कलवा, दोरा ताणतो. पडद्यावरच्या केसपेशींत, म्हणजे डोक्यावर काड्यांसारखे बारीक केस असलेल्या पेशींत, असाच धागा ताणला की सूक्ष्म दार उघडतं, पोटॅशियम आत घुसतं, पेशीचा विद्युतदाब बदलतो. मग कॅल्शियम आत येतं, पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडते आणि चेतातंतू संदेश पाठवतो. ग्लुटामेट परीक्षेला नाही, तरी सांगाच.

डॉल्बीचा विषय कोणीतरी काढतंच. माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, एवढं सांगून पुढच्या धड्याला लागा.