स्टिरिओ रेकॉर्डिंगसाठी स्टँड आणि शॉक माउंट कसे निवडावेत

एका समूहगायनाचं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. सूर स्वच्छ आले होते, पण जिथे जिथे गाणं हळू होई तिथे खालून ‘धप्प… धप्प’ येत होतं. लाकडी जमिनीवरून कुणीतरी चालत गेलं होतं. माइक चांगले होते आणि शॉक माउंटही (जमिनीचे धक्के अडवण्यासाठी माइकला रबरी दोरांवर टांगणारी झोळी) लावलेले होते. चूक अशी की ते माउंट जड माइकसाठी बनवलेले होते आणि माझे माइक हलके होते. त्यानंतर मी खरेदीचा क्रम उलटा केला. आधी माइकची मांडणी, मग बार (दोन्ही माइक धरणारी आडवी पट्टी), मग शॉक माउंट आणि सर्वांत शेवटी स्टँड.

१. आधी मांडणी ठरवा

एक्स-वाय पद्धतीत दोन्ही माइकची तोंडं एकावर एक येतात आणि त्यांच्यात साधारण ९० अंशांचा कोन असतो. फ्रेंच नभोवाणीतून आलेल्या ओआरटीएफ मांडणीत तोंडांमधलं अंतर १७ सेंमी आणि कोन ११० अंश. ए-बी मांडणीत सर्व दिशांनी ऐकणारे दोन माइक ४०–६० सेंमी किंवा त्याहून दूर ठेवतात. अंतर मीटरभरापर्यंत असेल तर एक स्टँड आणि एक स्टिरिओ बार पुरतो. त्याच्या पुढे मात्र दोन स्टँड घ्या, कारण लांब बारची टोकं झुलतात.

२. बारवर माउंट बसतात का, ते मोजा

ओआरटीएफमध्ये प्रत्येक माइक मध्यरेषेपासून ५५ अंश बाहेर वळलेला असतो, म्हणजे माइकचं मागचं टोक आत येतं. हिशोब केला तर माइक साधारण १० सेंमीपेक्षा लांब असला की दोघांची मागची टोकं एकमेकांना छेदतात. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे मोठे गोल माउंट असतील तर १७ सेंमी अंतर मिळणारच नाही. अशा वेळी एक माइक थोडा वर उचलावा लागतो. म्हणून बारसोबत उंची वाढवणारे छोटे तुकडे मिळतात का ते पाहा, किंवा लहान आकाराचे माउंट घ्या.

३. शॉक माउंट माइकच्या वजनाचा हवा

इथे घाई करू नका. शॉक माउंट म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. अशा प्रत्येक झोळीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तिच्या आसपासची कंपनं झोळी अडवत नाही, उलट वाढवते. साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच ती धक्के अडवू लागते. माइक हलका आणि रबर ताठ असेल तर ही संख्या वर सरकते आणि पावलांचे धक्के थेट आत येतात.

तपासायला उपकरण लागत नाही. रिकाम्या माउंटच्या आतल्या कडीची टेबलापासूनची उंची मोजा. मग माइक बसवून पुन्हा मोजा. कडी ४ मिमी खाली आली तर कंपनसंख्या सुमारे ८ हर्ट्झ, १ मिमी आली तर सुमारे १६, आणि जेमतेम पाव मिमी आली तर सुमारे ३२. ३२ वाला माउंट ४५ हर्ट्झच्या खाली काहीच अडवत नाही, आणि लाकडी जमिनीवरच्या पावलांचा जोर नेमका त्याच पट्ट्यात असतो. फार मऊ झोळीही नको. माइक वाकून बसतो, कोन बिघडतो, कधी चौकटीला टेकतो. एकदा टेकला की झोळीचा उपयोग संपला. रबराचे दोर वर्षभराने ओढून पाहा. सैल किंवा भेगाळलेले दिसले तर बदला.

हलक्या माइकसाठी मला दुसरा मार्ग जास्त पटतो. प्रत्येक माइकला वेगळी झोळी देण्याऐवजी अख्खा बारच एका झोळीत टांगायचा. दोन माइक आणि बारचं वजन एकत्र आल्याने कंपनसंख्या आपोआप खाली येते, शिवाय माइकमधलं अंतर आणि कोन हलत नाही.

सर्व दिशांनी ऐकणारे माइक कंपनांना तुलनेने कमी दाद देतात. ते वापरत असाल तर साधा माउंटही चालून जातो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे) आणि आठच्या आकड्याचे (पुढून-मागून ऐकणारे) माइक जास्त नाजूक. लो-कट फिल्टरवर (ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारी सोय) विसंबून राहू नका. डबल बासचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, ८० हर्ट्झचा फिल्टर त्यालाही कापतो.

केबलही तितकीच महत्त्वाची. जाड, ताठ केबल माइकपासून थेट स्टँडला बांधली तर कंपनं तिच्यातून वर चढतात. माइकजवळ बारीक, लवचीक केबल वापरा आणि पहिल्या गाठीआधी सैल वळसा ठेवा.

४. आता स्टँड

वाद्यवृंदासाठी किंवा समूहगायनासाठी माइक बहुधा अडीच ते साडेतीन मीटर उंच लागतात. साधा माइक स्टँड तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि बूम (स्टँडवरचा आडवा दांडा) ताणून पोहोचवला तर तो डोलतो. मी रुंद पायांचा लाइट स्टँड सरळ उभा करून बार त्याच्या माथ्यावर लावतो. बूम टाळता आला तर टाळाच. लाइट स्टँडच्या टोकाला ५/८ इंचाची गुळगुळीत खुंटी असते, आटे नसतात. माइकच्या सामानाला ५/८ किंवा ३/८ इंचाचे आटे लागतात. आकडा तोच दिसतो म्हणून फसगत होते. योग्य अ‍ॅडॅप्टर आधीच बसवून पाहा.

बूम लागलाच तर हिशोब करा. टोकाला १.२ किलो आणि अंतर १.५ मीटर असेल, तर मागे अर्ध्या मीटरवर ३.६ किलो हवेत, बूमचं स्वतःचं वजन वेगळं. स्टँडचा एक पाय नेहमी बूमच्या दिशेला ठेवा आणि वाळूच्या पिशव्या मागच्या पायांवर टाका. उंची वाढवताना आधी जाड नळी वर काढा, बारीक नळी शेवटी.

५. जागेवर

कलाकार ज्या लाकडी मंचावर उभे असतात त्यावर स्टँड ठेवू नका. काँक्रीटची जमीन मिळाली तर उत्तम, नाहीतर पायांखाली जाड फोम किंवा रबर घाला. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा, केबल जमिनीला चिकटवा, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर येणारं सगळं सामान वेगळ्या सुरक्षा-दोरीने बांधा. माइक खाली असतानाच कोन लावून घ्या, मगच उंच करा. त्या वेळी दुसरं माणूस जवळ असू द्या.

मग गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ती पातळी) वाढवून कुणाला तरी जवळून चालायला सांगा. छोट्या हेडफोनमध्ये खालचे धक्के ऐकूच येत नाहीत, म्हणून मीटरकडे बघा. पावलागणिक काटा उडत असेल तर जमीन किंवा झोळी बदला. सगळं जमल्यावर बारच्या सांध्यावर टेपची खूण करा. मध्यंतरात खालूनच खूण बघता येते, आणि बार फिरला असेल तर दुसरा भाग सुरू व्हायच्या आत नीट करता येतो.