चामड्यावर टिचबटण ठोकण्याआधी

आधी जाडी मोजा. भोक पाडायचा पंच, घाव घालायची मोगरी, बटणावर उभी धरायची ठोकणी हे सगळं नंतर. आणि मोजायची ती नेमकी बटणाच्या जागची जाडी. चामडं घेताना सांगितलेली नव्हे. तिथे अस्तर येणार असेल तर अस्तरासकट, कड दुमडणार असेल तर दुमडीसकट, मध्ये मजबुतीची पट्टी चिकटवणार असाल तर तीही धरून. हे दोनदा करायचं: एकदा पिशवीच्या झाकणावर, एकदा तिच्या अंगावर. टोपी (बाहेर दिसणारा भाग) आणि मादी (तिच्या आतली खोलगट बाजू) झाकणात बसतात, नर (मादीत अडकणारा उंचवटा) आणि त्याच्या मागचा पाया अंगात. टोपीला आणि पायाला एकेक नळी असते, ती चामड्यातून आरपार जाते. झाकण एकेरी दीड मिमीचं आणि अंग दुहेरी होऊन तीन मिमीचं, असं सर्रास होतं. दोन्हीकडे एकाच लांबीची नळी चालेल हे गृहीत धरलं की एक बाजू हमखास बिघडते.

हिशेब साधा आहे. नळी चामड्यातून आरपार गेल्यावर साधारण ३ मिमी बाहेर दिसली पाहिजे; अगदी लहान बटणात २ मिमीवर भागतं. तेवढाच भाग मादीतून किंवा नरातून वर येतो आणि ठोकल्यावर बाहेर उलटून पकड घेतो. चामड्याची जाडी औंसात दिली असेल तर १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी. ४ औंसाचे दोन थर झाले ३.२ मिमी, वरचे ३ मिळवा, म्हणजे नळी सव्वासहा मिमीच्या आसपास हवी. कॅलिपरचे जबडे किंचित दाबून मोजा, कारण ठोकताना चामडं दबतं. मऊ, क्रोमने कमावलेलं चामडं तर फारच.

नळी लांब पडली तर ती उलटत नाही, वाकते. वाकलेला जादा पत्रा मादीच्या पोटात गोळा होतो आणि नराला आत जायला जागाच उरत नाही. बटण लागत नाही म्हणून मादीतल्या, नराला पकडणाऱ्या स्प्रिंगला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा स्प्रिंग धडधाकट असते. आखूड पडली तर प्रकार जास्त वाईट, कारण टेबलावर बटण अगदी नीट बसल्यासारखं दिसतं; नळीच्या ओठाने जेमतेम कड धरलेली असते आणि थोड्याच उघडझापीत टोपी हातात येते. लांब नळीवर उपाय म्हणजे त्याच चामड्याची एक चकती भोक पाडून आतल्या बाजूने घालायची. आखूड नळीवर उपाय म्हणजे रापीने (चामडं तासायच्या सुरीने) मागची बाजू भोकाभोवती तेवढीच तासायची. वरच्या, दाणेदार बाजूला रापी लावायची नाही. शक्य असेल तर तासण्यापेक्षा लांब नळीचीच बटणं घ्या. ताणाच्या जागी चामडं पातळ करणं हा शेवटचा पर्याय.

आता बटणं. माप लाइनमध्ये असतं, ४० लाइन म्हणजे एक इंच. त्यामुळे २४ लाइनची टोपी सुमारे १५ मिमी, २० लाइनची साडेबारा-तेरा. ठोकणी आणि बटणाखाली ठेवायची खोलगट डाय (साचा) त्याच मापाची आणि त्याच जातीची हवी. मादीत स्प्रिंग म्हणून वर्तुळाकार कडी दिसते की दोन समांतर तारा, हे आधी बघा. कडीवाल्याची ठोकणी तारांवर चालवली की तारा वाकतात, मग ती मादी फेकायचीच. बटणं पितळी आहेत का हे लोहचुंबक लावून तपासा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. मुलामा खरवडला आणि ओल लागली की झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर काळा डाग पडतो, आणि तो सहज निघत नाही. पितळ नरम असल्याने उलटतंही बरं. त्याच्यावर कधीकधी हिरवट मेण साचतं, ते पुसलं की झालं.

पंचाचा व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका. हलक्या दाबाने नळी आत गेली पाहिजे. भोक मोठं झालं तर टोपी तिरकी बसते. भोक लहान असेल तर चामडं टोपीखाली गोळा होऊन ती उचलली जाते, म्हणजे तुमची मोजलेली नळी पुन्हा आखूड. जाडीचं गणित इथेही असं गुपचूप बिघडतं, म्हणून नळी घालून किती बाहेर आली ते पट्टी धरून पाहा. नजरेवर जाऊ नका. भोकाचा मध्य कडेपासून किमान १२ मिमी आत ठेवा, २४ लाइनला.

दुसरं भोक आधी पाडू नका. टोपी-मादी ठोका, पिशवीत जे राहणार ते भरा, झाकण बंद करा, मादी अंगावर दाबा. जी गोल खूण उमटते तिचा मध्य म्हणजे नराची जागा. रिकाम्या पिशवीवर खूण केली तर भरल्यावर झाकण पोहोचत नाही. रंग, तेल, पॉलिश सगळं ठोकण्याआधी उरकून चामडं पूर्ण वाळू द्या. ओलं चामडं जास्त दबतं आणि बटण सैल राहतं.

खाली दगडी लादी किंवा पोलादी ठोकळा हवा. लाकडी टेबलाच्या मधोमध ठोकलं तर घाव टेबल खातं, तुम्ही जोर वाढवता आणि नळी फाटते. टेबलाचा पाय जिथे आहे, बरोबर त्याच्या वर लादी ठेवा. मोगरी प्लॅस्टिकची किंवा कच्च्या कातड्याची. लोखंडी हातोडीने ठोकणीचं डोकं पसरतं.

आणि चाचणीचा तुकडा. त्याच चामड्याचा, तितक्याच थरांचा, अस्तर आणि डिंकासकट. एकेरी कातरणावर चाचणी करून दुहेरी अंगावर ठोकणं म्हणजे चाचणी न करणंच. झाकणासाठी एक तुकडा, अंगासाठी वेगळा. जाडी वेगळी म्हणून तुकडाही वेगळा. कंटाळा येतो, तरी करा. यासाठी दोन-चार संच जादा ठेवा.

ठोकताना: टोपी डायच्या खोलगट बाजूत (सपाटीवर ठेवली तर चपटी होते), पाया सपाट बाजूवर. मादीचं तोंड नराकडे आहे ना, ठोकण्याआधी बघा. ठोकणी सरळ उभी. एक जोरदार घाव नको, तीन-चार मध्यम. टोपी चिमटीत धरून फिरवा. सहज फिरली तर आणखी एक घाव. तरीही फिरते? नळी आखूड आहे, परत पहिल्या परिच्छेदावर जा. नर जास्त ठोकून चपटा झाला की बटण घट्ट होतं किंवा लागतच नाही, नर बदला.

काढायचं असेल तर आतल्या बाजूने उलटलेला ओठ निपरने थोडा थोडा कापा. टोपीखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, चामडं फाटेल. नवीन बटणाआधी भोक ताणलंय का बघा, ताणलं असेल तर मागून चकती. ती चकती जाडीत धरा.