नेपेंथेसला बी धरत नाही? या चुका टाळा

पावसाळा लागला की मुंबईतल्या बाल्कन्यांमध्ये घटपर्णीला, म्हणजेच किडे पकडणाऱ्या नेपेंथेसला, फुलांचे तुरे येतात आणि पाठोपाठ माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला: "ब्रश फिरवला, तरी बोंड का धरत नाही?" त्यावर माझाही उलट प्रश्न ठरलेला: "झाड नर आहे की मादी?" मग समोर शांतता.

मिरची-टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही असतं, त्यामुळे कुंडी हलवली तरी भागतं. नेपेंथेसचं झाड मात्र एकतर नर, नाहीतर मादी. तुरा आल्याशिवाय ते ओळखता येत नाही, पानांवरून नाही आणि पिचरवरूनही (किडे पकडणाऱ्या घटावरूनही) नाही. फूल उमललं की भिंग घेऊन बघा. पाकळ्यांसारखी चार दलं दोघांतही असतात. मधोमध बारीक दांडी आणि तिच्या टोकाला पिवळी गोळी दिसली तर नर. फुगीर हिरवा अंडाशय आणि त्यावर चार भागांची कुक्षी असेल तर मादी. बघायला मिनिटही लागत नाही. पण नाही! आधी ऑनलाइन ब्रश मागवायचा, मग फूल बघायचं.

मुलुंडच्या एका पोराने तर कमाल केली होती. एका विक्रेत्याने त्याला व्हेंट्राटाच्या (घटपर्णीचा एक संकर) दोन कुंड्या "नर-मादी जोडी" म्हणून चढ्या भावाने विकल्या. दोन्हींना तुरे आले, पोरगा खूश. रोज संध्याकाळी क्लासवरून आला की ब्रश घेऊन बसायचा. "काका, एकसुद्धा बोंड नाही हो, खत कमी पडतंय का?" म्हटलं, खत राहू दे, आधी फुलांचे जवळून फोटो पाठव. फोटो आले. दोन्ही तुऱ्यांवर खालपासून वरपर्यंत पिवळ्या गोळ्या! दोन्ही नर, आणि दोन्ही एकाच झाडाची कटिंग. तो बिचारा महिनाभर या नराचा पराग त्या नराला लावत होता. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "पुढच्या वर्षी होईल मादी."

होत नसते. कटिंग किंवा टिश्यू कल्चर म्हणजे तेच झाड पुन्हा, लिंगासकट. नर्सरीत रांगेने दिसणारी एकसारखी रोपं बहुधा अशीच असतात. त्यातली दहा घेतली तरी जोडी जमणार नाही. जोडी हवी तर बियांपासून वाढवलेली वेगवेगळी रोपं घ्या आणि थांबा, पहिला तुरा यायला काही वर्षं जातात. नाहीतर तुरा आलेलं झाडच डोळ्यांनी बघून घ्या. फुलाच्या फोटोशिवाय "मादी आहे" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक खास आपल्या हवेतली. नर आणि मादी एकाच वेळी फुलतील याची खात्री नसते, म्हणून पराग साठवावा लागतो. लोक ओला पराग प्लास्टिकच्या झिप पाऊचमध्ये भरून कुरिअर करतात. जुलैत असं पाकीट दोन दिवसांनी उघडलं की आत करड्या बुरशीचा गोळा निघतो. त्याहून वाईट म्हणजे नीट वाळवलेला पराग फ्रीजमधून काढून लगेच उघडणं. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसंच त्या परागावर दव धरतं, आणि सगळी मेहनत दोन मिनिटांत वाया.

माझी सवय सांगतो. पावसाने उघडीप दिली की दुपारी नर फुलं तोडायची आणि बटर पेपरच्या पुडीत ठेवायची. पुडी सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत एक दिवस वाळू द्यायची. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे ओल धरली की कळतं. पुडीवर झाडाचं नाव आणि तारीख हवीच. मग काही आठवड्यांसाठी फ्रीज, जास्त थांबायचं असेल तर फ्रीझर. वापरताना डबी बाहेर काढून अर्धा तास बंदच ठेवायची. या अर्ध्या तासाचाच लोकांना सगळ्यात कंटाळा.

ब्रश मी वापरतच नाही. केसांत अर्धा पराग अडकतो, आणि मागच्या जातीचा उरलेला त्यात मिसळतो तो वेगळाच. ताजं नर फूल चिमट्याने धरून कुक्षीवर टेकवावं, बस्स. कुक्षी ओलसर, चकचकीत दिसेल तेव्हा. तुरा खालून वर उमलत जातो, त्यामुळे एका दिवसात काम उरकणार नाही. रोज किंवा एक दिवसाआड फेरी मारा आणि झालेल्या फुलाला रंगीत दोरा बांधा.

लेबलवर आईचं नाव आधी, मग फुली, मग बापाचं. उलट लिहू नका, आणि "लक्षात राहील" तर अजिबात म्हणू नका. इंग्लंडमधल्या व्हीच नर्सरीत १८६० च्या दशकात घटपर्णीचे संकर सुरू झाले, आणि आजही बाजारात बिनलेबलच्या संकरांची खिचडी आहे. तिच्यात आपली भर कशाला? अँपुलारियासारख्या शुद्ध जातीची जोडी हातात असताना तिच्यावर व्हेंट्राटाचा पराग घालणाऱ्यांना काय म्हणावं, मला कळत नाही.

उंच डोंगरावरच्या जातींचं बी धरण्याची स्वप्नं मुंबईत बघू नका. राजा ही किनाबालू परिसरात १५०० मीटरच्या वर वाढणारी जात. तिला रात्री गारवा लागतो, आणि आपल्या मे महिन्यात तो एसीशिवाय मिळत नाही. अँपुलारिया, रफ्लेसियाना, मिराबिलिस, ग्रासिलिस या सखल भागातल्या जाती इथे मजेत राहतात.

तुऱ्यावर मुंग्यांची रांग दिसली की पिठ्या ढेकूण शोधा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालत असाल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा.

बोंड हिरवं असताना तोडून "आत पिकेल" म्हणणारे दरवर्षी भेटतात. पिकत नाही. साधारण दोन-तीन महिने, काही जातींत जास्तच लागतात. बोंड तपकिरी होऊन चिरायला लागलं की काढायचं. त्याआधीच तुऱ्याला ओटीच्या सामानाची असते तशी जाळीची पिशवी बांधा, नाहीतर दोऱ्यासारख्या हलक्या बिया पंख्याच्या वाऱ्यावर घरभर होतील. बी ताजंच पेरा, ते फार दिवस टिकत नाही. ओल्या स्फॅग्नम मॉसवर (एक प्रकारचं शेवाळ) नुसतं पसरायचं, पुरायचं नाही, कारण उजेड लागतो. उगवायला एक ते तीन महिने. पंधराव्या दिवशी मॉस उकरून बघणाऱ्यांनी मेथी पेरावी.

बियांचं रूप लक्षात ठेवा, म्हणजे ऑनलाइन "निळ्या पिचरचं बी" घेऊन फसणार नाही. दोन्ही टोकं निमुळती आणि मधे जरासा फुगवटा असलेला तंतू, असं ते दिसतं. गोल, टणक, काळं बी आलं तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

आणि मेघालयातून कुणी "जंगलातली खासियाना" आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. घटपर्णीची भारतातली ही एकमेव जात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, साइटिसच्या (धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टातही आहे. परदेशातून बी किंवा रोप मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर "खेळणी" लिहून मागवण्याची युक्ती मला सांगू नका.

झाड लहान किंवा अशक्त असेल आणि तरी तुरा आला, तर नर असल्यास पराग घ्या. मादी असल्यास दोन-चारच बोंडं ठेवून बाकी तुरा कापा.