मारुती ८०० चे प्लग घरी बदलायचेत? आधी एवढं जमवून ठेवा

जुनी कार्बोरेटरवाली ८०० अजून ज्यांच्या दारात उभी आहे त्यांनी स्पार्क प्लगसाठी (सिलिंडरमधे ठिणगी पाडणारा तो) गॅरेजला जायची खरंच गरज नाही, ७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर, तीन प्लग, बोनेट उघडलं की हात पोचतो. पण पाना लावायच्या आधीची तयारी मात्र कसून करा, कारण प्लग स्टीलचा आणि तो ज्यात बसतो ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, म्हणजे आटे गेले तर ते प्लगचे जात नाहीत, हेडचे जातात, आणि मग हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवायचा खर्च आणि गाडी आठवडाभर अडकून पडणार. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं ते आटे वाचवण्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी प्लग. दुकानात जाऊन नुसतं "८०० चे प्लग द्या" म्हणू नका, मॅन्युअलमधला नंबर लिहून न्या, कारण कार्बोरेटर आणि एमपीएफआय (नंतरची, पेट्रोल इंजेक्शनवाली) दोन्ही ८०० च पण प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट, वेगळा असतो. नंबर वाचता आला तर फसवणूक होत नाही. एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या उदाहरणाला, त्यातला आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ म्हणजे हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते), आणि ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ही लांबी चुकवून चालतच नाही, आखूड प्लग बसला तर स्पार्क आत नीट पोचत नाही आणि उरलेल्या आट्यांवर काजळी साचते, लांब बसला तर पिस्टनला लागू शकतो. आणि कंपनी बदलताना एक लक्षात ठेवा, एनजीकेमधे हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमधे बरोबर उलटं, तिथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग, त्यामुळे आकड्याला आकडा जुळवून घेऊ नका, दुकानदाराकडून कॅटलॉगमधे बघून घ्या. तिन्ही प्लग एकाच कंपनीचे एकाच नंबरचे घ्या आणि दुकानातच खोक्यातून काढून प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा नाही ना ते उजेडात फिरवून बघा.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, ह्या प्लगला २१ चा लागतो, शक्यतो आत रबर असलेला म्हणजे प्लग वर येताना सुटून पडत नाही. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या. १० चा पाना बॅटरीचं टर्मिनल सोडायला. जुना टूथब्रश, कापड, टॉर्च, मास्किंग टेप आणि पेन. सायकलचा पंप मिळाला तर उत्तमच. आणि एक वस्तू जी यादीत कोणी लिहीत नाही ती म्हणजे वीतभर रबरी पेट्रोल पाइप, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा, तो कशाला ते पुढे सांगतो.

दिवस शनिवारचा धरा, सकाळचा, रविवारी बहुतेक ठिकाणी स्पेअरची दुकानं बंद असतात आणि एखादी प्लग वायर हातात तुटून आली तर गाडी सोमवारपर्यंत तशीच. आदल्या संध्याकाळी गाडी लावली की तिला हात लावू नका, इंजिन पूर्ण गार पाहिजे, गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढून काढला की आटे बरोबर घेऊन येतो. प्लग वर्षानुवर्षं उघडलेच नसतील, कोकणपट्टीतल्या दमट हवेत हे हमखास, तर रात्रीच बुडाशी गंज सोडवायचं तेल थोडं मारून ठेवा.

सकाळी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, मग वायरना टेप लावून १, २, ३ लिहा. वायर काढताना तिच्या टोकाची रबरी टोपी धरून थोडी फिरवून काढायची, वायरीला धरून ओढायची नाही. एका वेळी एकच प्लग, एक काढला, नवा बसवला, वायर लावली, मग दुसरा, म्हणजे अदलाबदल व्हायचा प्रश्नच नाही. आणि प्लग सैल करायच्या आधी त्याच्या खळग्यातली माती ब्रशने आणि पंपाच्या हवेने साफ झालीच पाहिजे, एक खडा आत सिलिंडरमधे पडला की काय होईल ते सांगायला नको.

गॅप नव्या प्लगचाही मोजा, खोक्यातला बरोबरच असेल असं धरू नका. जुन्या कार्बोरेटरवाल्याला साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, तरी तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. कमी-जास्त करायचा तर वरची वाकलेली पट्टी हलकेच हलवायची, मधल्या दांडीला अजिबात धक्का नाही.

आता तो रबरी पाइप. प्लग त्याच्या टोकाला अडकवा, भोकात सोडा आणि बोटांनी पाइप फिरवा. आटे सरळ धरले तर प्लग लोण्यासारखा आत जातो, तिरके धरले तर पाइप प्लगवर घसरायला लागतो, जोर लागतच नाही आणि हेड वाचतं. घसरला की थांबा, उलटा फिरवा, पुन्हा धरा. पूर्ण हाताने बसला, वॉशर टेकला, की मगच पाना लावायचा आणि नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, बास (खोक्यावर लिहिलेलं असेल तर तेच माना). आट्यांना ग्रीस लावू नका, ग्रीसमुळे त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

जुने प्लग टाकायच्या आधी पुठ्ठ्याला तीन भोकं पाडून क्रमाने उभे करा आणि नीट बघा. तपकिरी-राखाडी असेल तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर आणि चोक बघा. ओलसर तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, ते नव्या प्लगने बरं होणार नाही, मेकॅनिकला दाखवा. पांढराफटक पडला असेल तरी दाखवाच. आणि तिघांतला जो बरा दिसेल तो पुसून, गॅप बघून, प्लग पान्यासकट डिकीत ठेवून द्या, घाटात गाडी मिसिंग मारायला लागली तर तोच कामाला येतो.