कोळशाचा कॅबिनेट स्मोकर: घेताना आणि पहिल्यांदा पेटवताना

बनवून घेतलेला स्मोकर (कोळशाच्या मंद धगीवर आणि धुरात मांस शिजवायची कपाटासारखी पेटी) ताब्यात घेण्याआधी दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर तिथून हवा शिरणार. मग हवा आत सोडणारी खालची झडप कितीही बंद करा, निखारे धगधगतच राहतात. कडी किंवा गॅस्केट (दाराची फट बंद करणारं कडेचं अस्तर) तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

पहिल्या दिवशी मांस नको. आतून खाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि उघड्यावर, १२० ते १३५ अंश सेल्सिअसवर ३-४ तास रिकामाच चालवा. टोपली कोळशाने भरा, पण पेटते निखारे एका कोपऱ्यात ८-१०च. ९५ अंशांपासूनच झडप आवळत जा. इन्सुलेशनवाली पेटी एकदा जास्त तापली की लवकर उतरत नाही. (दार उघडून थंड करायला गेलात तर आग आणखी भडकते!) वरचं धुराडं मात्र उघडंच ठेवा, नाहीतर धूर कोंडून कडवटपणा येतो.