रेडिएटरचा फॅन फिरत नाहीये? मोटर बदलायच्या आधी हे बघा

उन्हाळा सुरू झाला की गाडी तापल्याच्या तक्रारी वाढतात आणि गॅरेजला गेलं की बरेचदा पहिलं उत्तर मिळतं "फॅन मोटर गेली, नवीन टाकावी लागेल". कधीकधी ती खरंच गेलेली असते, पण कितीतरी वेळा दोष असतो फ्यूज, रिले (छोट्या सिग्नलवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), तापमानाचा सेन्सर किंवा अर्थिंगच्या (बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या) वायरीत, आणि हे सगळं एक साधा मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर) असेल तर घरीच तपासता येतं. खालचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी लिहितोय, ज्यांच्यात रेडिएटरमागे इलेक्ट्रिक पंखा असतो.

सगळ्यात आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगेत अडकल्यावर काटा वर जातो आणि हायवेला ८० च्या स्पीडला लागलात की खाली येतो, तर संशय फॅनवर, कारण स्पीडमध्ये समोरून वारा मिळतो आणि फॅनची गरजच पडत नाही. उलट हायवेलाच तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप किंवा चोक झालेला रेडिएटर बघा. आजकाल बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) घेऊन ठेवा, मोबाईलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, आत प्रेशर असतं आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. आणि चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, त्यामुळे पात्यांजवळ बोटं, ओढणी, लोंबणारी बाही काही नको.

इंजिन थंड असताना कूलंटची लेव्हल बघा. ही पायरी लोक सोडून देतात. कूलंट कमी असेल किंवा एअरलॉक (आत हवा अडकलेली) असेल तर सेन्सर पाण्यात न राहता वाफेत राहतो, त्याला खरं तापमान कळतच नाही आणि फॅनला ऑर्डर मिळत नाही. मग फॅन, रिले सगळं ठणठणीत असूनसुद्धा इंजिन उकळतं.

आता गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की रेडिएटरचा फॅनही लागतो (दोन फॅन असतील तर कुठला फिरतोय ते नीट बघा, एक एसीच्या कंडेन्सरचा, म्हणजे पुढच्या जाळीचा, असू शकतो). एसीवर फॅन फिरतोय पण इंजिन तापल्यावर आपणहून फिरत नाही म्हणजे मोटर बरी आहे, दोष तापमान सांगणाऱ्या बाजूला आहे. एसीवरही फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर, मोटर या क्रमाने जायचं.

फॅनचा फ्यूज बहुधा बोनेटखालच्या डब्यात असतो, ३० किंवा ४० अँपिअरचा, झाकणावर चित्र असतं. नुसतं डोळ्यांनी बघून सोडू नका, मीटर बीपवर (वायर जोडलेली असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) लावून तपासा, कारण बारीक तडा दिसत नाही. फ्यूज उडालेला असेल तर एकदा त्याच अँपिअरचा टाकून बघा, परत उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून शॉर्ट होतेय, आणि अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तार टाकली तर वायरिंगलाच आग लागू शकते, तेवढं कृपया करू नका.

मग रिले. त्याच डब्यात अगदी तसाच, तेच नंबर छापलेला दुसरा रिले असेल (हॉर्नचा वगैरे) तर अदलाबदल करून बघा. फॅन चालला तर रिले गेला, स्वस्तात काम झालं. नाही चालला तर रिले काढा आणि सॉकेटच्या ३० आणि ८७ नंबरच्या जागा जाड वायरने क्षणभर जोडा (नंबर रिलेच्या बुडाशी छापलेले असतात, चुकीच्या जागा जोडू नका). फॅन फिरला की मोटर आणि तिची वायर दोन्ही ओके, दोष रिलेला सिग्नल देणाऱ्या बाजूला.

तरी फिरत नसेल तर मोटरचा कनेक्टर काढून आत नीट बघा. पिनच्या कडेचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, किंवा पिनवर हिरवट थर, हे खूप कॉमन आहे, कोकणात आणि समुद्राकाठी तर जास्तच. ढिल्या पिनवरून दहा-पंधरा अँपिअर गेले की ती तापते, तापली की अजून ढिली होते. मग एसी चालू ठेवून कनेक्टरवर व्होल्ट मोजा. १२ च्या वर येतायत आणि तरी फॅन मेलेला, तर अर्थिंग तपासा, मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी कनेक्टरच्या काळ्या वायरला, इथेही १२ यायला हवेत. अर्थिंगही बरोबर असेल तर मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय द्या, मध्ये फ्यूज ठेवून. मोटरच्या मागे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर फिरायला लागली तर कार्बन ब्रश झिजलेत, आज चालेल आणि उद्या घाटात दगा देईल, बदलून टाका.

सेन्सरचं म्हणाल तर इंजिन चालू असताना त्याचा प्लग काढा, बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून फॅन लगेच लावतो. लागला तर सेन्सरवर संशय घ्या. स्कॅनरवर पी ०४८० हा दोषाचा कोड आला तर फॅनच्या कंट्रोल सर्किटचा दोष, पी ०११७ किंवा पी ०११८ आला तर तापमानाच्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा, आणि यातला कोड प्लग काढल्यामुळेही येतो, म्हणून आधी स्कॅन करा, मग प्लग काढा. थंड इंजिनवर स्कॅनर हवेइतकंच तापमान दाखवतोय का हेही बघा.

फॅन सतत फिरतच राहत असेल तर बहुतेक रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा सेन्सरची वायर तुटलीय.

काम झाल्यावर एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. साधारण ९५ ते १०० डिग्रीला फॅन लागून काही डिग्री खाली आल्यावर बंद व्हायला हवा, असं दोन-तीनदा होऊ द्या. आणि मोटर काढून परत बसवली असेल तर फॅनसमोर पातळ कागद धरून वारा इंजिनकडेच ओढला जातोय ना ते बघा, प्लस-मायनस उलटे लागले की फॅन उलटा फिरतो आणि वरवर सगळं ठीक दिसत असूनही गाडी तापतच राहते.